चहाडखोर पेटीची कैफियत

मित्रांनो, मला पहिल्यांदा पाहणारा हमखास फसतो. कुणाला मी शिवणाच्या सामानाची पेटी वाटते, कुणाला औषधांची. एका पाहुण्याने तर माझं झाकण उघडण्याच्या खटपटीत स्वतःचं नख मोडून घेतलं. मला झाकणच नाही, त्याला मी तरी काय करणार? मी एक जुनी खेळपेटी आहे. माझ्या पाठीवर डावीकडे एक दांडा आहे आणि उजवीकडे सहा कळा. मला मांडीवर घ्यायचं, माझी वायर यंत्राला जोडायची, की पडद्यावरचे लढवय्ये मी सांगेन तसे हलतात. आता माझा रंग उडाला आहे, एक कोपरा झिजला आहे, पण आठवण शाबूत आहे. म्हणून म्हटलं, एकदा सगळं सांगून टाकावं. त्यात माझ्या नावाला बट्टा लावणारी एक गोष्ट आहे, तीही लपवणार नाही.

माझा जन्म एका पंखे दुरुस्तीच्या दुकानात झाला. दुकान म्हणजे घराचीच पुढची खोली. एक लांब टेबल, भिंतीला टांगलेली पंख्यांची पाती, डब्यांत आकारानुसार लावलेले स्क्रू. ज्यांनी मला घडवलं त्यांना सगळे मिस्त्री म्हणत. मिस्त्रींची ख्याती होती ती त्यांच्या कानांबद्दल. पंखा सुरू करायचे, डोळे मिटून क्षणभर ऐकायचे आणि तो न उघडताच सांगायचे, खालचं बेअरिंग गेलंय. पण पन्नाशी ओलांडली आणि एका मोठ्या तापात त्यांचे कान गेले. पूर्ण नाही गेले, पण जे उरलं ते भिंतीपलीकडून आल्यासारखं. डॉक्टरांनी कानात घालायचं यंत्र दिलं होतं. त्यातून माणसांपेक्षा भांडीच जास्त ऐकू येतात असं म्हणून मिस्त्रींनी ते खणात ठेवून दिलं. त्यानंतर दोन पंख्यांची दुरुस्ती चुकली. गिऱ्हाइकं भली होती, तोंडावर कुणी काही बोललं नाही, नुसती यायची बंद झाली. मिस्त्री रोज सकाळी दुकान उघडायचे, टेबल पुसायचे आणि हात मांडीवर ठेवून बसून राहायचे.

त्यांना दोन मुली. थोरली नोकरीसाठी दुसऱ्या गावी होती. धाकटी नववीत होती आणि तिला लढतीच्या खेळाचं वेड लागलं होतं. शेजारच्या रस्त्यावर एका दातांच्या दवाखान्याच्या वर एक खेळघर होतं. तिथे सहा पडदे होते आणि नियम असा की प्रत्येकाने आपापली पेटी आणायची. धाकटीकडे पेटी नव्हती. एके दिवशी ती बाबांसमोर उभी राहिली, त्यांना ओठ नीट दिसतील अशी, आणि म्हणाली की मला एक पेटी करून द्याल का. मिस्त्रींनी आधी नको म्हटलं. मग जेवताना कागदावर काहीतरी रेघोट्या ओढल्या. दुसऱ्या दिवशी जुन्या कपाटाचा खण कापायला घेतला.

वीस दिवस ते माझ्यावर काम करत होते. माझं अंग त्या खणाचं. दांड्याच्या टोकाचा गोळा कपाटाच्याच मुठीचा. आतल्या कळा निरनिराळ्या बिघडलेल्या यंत्रांतून काढलेल्या. दांडा वर ढकलला की दाबली जाते ती कळ एका छोट्या ओव्हनच्या दारातली, आणि खाली ओढला की दाबली जाते ती कपडे धुण्याच्या यंत्रातली, चांगली दणकट. प्रत्येक कळ त्यांनी बोटाने शंभरदा दाबून पाहिली. कान नव्हते म्हणून त्यांनी सगळा विश्वास बोटांवर टाकला होता. बोटाला खटका नीट लागला पाहिजे, एवढीच त्यांची कसोटी. मी तयार झाले तेव्हा त्यांनी माझ्या पाठीवरून तळहात फिरवला आणि बायकोला म्हणाले, "हात अजून शाबूत आहेत माझे." ताप गेल्यापासून त्यांनी पुरी केलेली मी पहिली वस्तू. हे तुम्ही नीट ध्यानात ठेवा, कारण पुढे जे घडलं ते सगळं याच्याभोवती फिरतं.

आता त्या खेळाविषयी सांगते, नाहीतर पुढचं कळणार नाही. या लढतीत प्रत्येकाकडे तीन गडी असतात. एक मैदानात लढतो, दोघे बाहेर थांबतात. माझ्या शेवटच्या दोन कळा त्या दोघांना हाक मारायच्या. हाक मारली की बाहेरचा गडी धावत येतो, एक तडाखा देतो आणि परत जातो. तिन्ही गडी आडवे झाले की डाव संपला. समोरच्याचा वार दोन तऱ्हांनी येतो. डोक्यावर आला तर उभं राहून अडवायचा, पायावर आला तर खाली बसून. उभा राहिलात आणि वार पायावर आला, मार खाल्लात. बसलात आणि डोक्यावर आला, तरी मार खाल्लात. वार इतका झटकन येतो की बघून ठरवायला वेळच नसतो, आधीच ओळखावं लागतं. म्हणून खरी लढाई हातांची नसतेच. समोरच्याला काय वाटतंय, आणि मला काय वाटतंय याबद्दल त्याला काय वाटतंय, हे ओळखण्याची ती लढाई असते. एकदा वर, एकदा खाली, एकदा पुढून, एकदा हाकेच्या गड्याकडून मागून, अशी गल्लत करून समोरच्याला बुचकळ्यात पाडणं याला खेळघरात चकवा म्हणत.

धाकटी या कामात पटाईत निघाली. ती पडद्याकडे कमी आणि माणसाकडे जास्त बघायची. कोण मार खाल्ला की चिडून अंगावर येतो, कोण घाबरून बसून राहतो, कोण जिंकत आला की आळशी होतो, हे तिला पाच मिनिटांत कळायचं. कॉलेजातले मोठमोठे खेळाडू तिच्यापुढे हात टेकायचे. माझंही कौतुक व्हायचं. कुणी विचारलं पेटी कुठून आणली, की ती मान ताठ करून सांगायची, बाबांनी केली. मिस्त्री रविवारी खेळघरात येऊन मागच्या खुर्चीवर बसायचे. तिथे त्यांना बरं वाटायचं, कारण त्या खेळघरात कुणालाच खेळाचा आवाज ऐकू येत नसे. खाली रुग्णाचा दात काढताना वर गुद्द्यांचे आवाज नकोत, अशी दंतवैद्यांनी विनंती केली होती, म्हणून खेळघर चालवणाऱ्या मावशींनी सगळे पडदे मुके करून ठेवले होते. खेळ चालू असताना बघणाऱ्यांनीही गप्प बसायचं.

एकच माणूस धाकटीला हरवता येईना. ते घड्याळकाका. चौकात घड्याळं दुरुस्त करायचे, केस पांढरे, डोळ्यावर जाड चष्मा. चिमट्याने चाक धरावं तसा दांडा दोन बोटांत धरून खेळायचे. सुरुवातीला ती त्यांच्याशी बरोबरीने खेळायची. मग तीन महिने असे गेले की तिची डाळच शिजेना. ती पायावर मारायला जायची, काका आधीच बसलेले. डोक्यावर मारायला जायची, काका उभे. धाकटी घरी येऊन माझ्यासमोर तासतास बसायची आणि आपल्या कुठल्या सवयीने आपला घात केला ते शोधायची. तिला सवय सापडेना. सापडणार कशी? दोष तिचा नव्हताच.

मित्रांनो, दोष माझा होता. शिक्का मोडायच्या आठ दिवस आधी, म्हणजे खेळघराच्या अंतिम सामन्याच्या आठ दिवस आधी, मावशींनी तिला बाजूला घेतलं. या सामन्याला तिथे शिक्का मोडणं म्हणत, कारण मोठ्या स्पर्धेचं आमंत्रण ज्या बंद लिफाफ्यातून यायचं त्याचा शिक्का त्याच दिवशी मोडून ते जिंकणाऱ्याच्या हाती दिलं जाई. मावशी म्हणाल्या की काकांच्या डोळ्यांकडे बघू नकोस, कानाकडे बघ. धाकटीने दुसऱ्या दिवशी पाहिलं. काका मान किंचित माझ्याकडे कलती करून खेळत होते. डोक्यावर मारायला माझा दांडा वर गेला की बारीक टिक व्हायचं, पायावर मारायला खाली आला की चांगलं टक्क. आयुष्यभर घड्याळांची टिकटिक ऐकलेला माणूस, त्याला एवढा फरक कळणार नाही? एकाच बाकावर खांद्याला खांदा लावून बसलेलो, त्यात पडदे मुके. ती वार करायच्या आत मी तिची चहाडी करत होते.

त्या क्षणी मला माझ्या प्रत्येक कळीची लाज वाटली. मावशींनी कपाटातून एक नवी, मऊ आवाजाची पेटी काढून तिच्यासमोर ठेवली आणि म्हणाल्या, "सामन्यापुरती ही घे. बाबांना कोण सांगतंय?" धाकटी बराच वेळ त्या पेटीकडे बघत राहिली. बाबा रविवारी मागच्या खुर्चीवर बसणार होते. तिच्या मांडीवर दुसरी पेटी दिसली की ते काही विचारणार नव्हते. घरी जाणार होते, सोमवारी दुकान उघडून टेबल पुसणार होते आणि हात मांडीवर ठेवून बसणार होते. कान गेले तसे आपले हातही गेले, असंच ते समजणार, याबद्दल तिची खात्री होती. तिने नवी पेटी परत केली.

घरी आल्यावर माझा तळ उघडून कळीखाली कापडाचा तुकडा सरकवावा असं तिच्या मनात आलं होतं. पण मिस्त्री दर रविवारी सकाळी माझे स्क्रू बोटांनी चाचपायचे. एक स्क्रू अर्धा फेरा जरी हलला तरी त्यांना कळलं असतं. खरं सांगायचं तर मी कर्कश आहे हे घरात सगळ्यांनाच ठाऊक होतं. धाकटी सराव करायची तेव्हा आई माझ्याखाली दुपटं घडी करून ठेवायची. थोरली फोनवर बोलताना विचारायची, मागे काय कुटताय. फक्त मिस्त्रींना कुणी सांगितलं नव्हतं. ते समोर बसून माझा दांडा हलताना बघायचे आणि समाधानाने हसायचे, आणि आई आणि धाकटी त्यांच्या हसण्याला हसून साथ द्यायच्या.

मग आवाज घालवता येत नाही म्हटल्यावर धाकटीने वेगळा विचार केला. पडद्यावरचा गडी एक वार करत असतो तेव्हा तो पुरा होईपर्यंत दुसरं काही ऐकत नाही. तेवढ्या अवधीत दांडा कुठेही हलवा, गडी ढिम्म. पण मी मात्र वाजतेच. म्हणजे त्या फटीत मला हवं ते बोलायला लावता येतं आणि पडद्यावर काहीच घडत नाही. तिला आणखी एक गोष्ट माहीत होती. काका घड्याळजी, एखादी गोष्ट तीनदा ताडून पाहिल्याशिवाय त्यांचा विश्वास बसत नसे, आणि एकदा बसला की हलत नसे. उरलेले सगळे दिवस तिने मला खोटं बोलायला शिकवलं. आईने दुपट्याऐवजी गादी आणली.

रविवारी दुपारी खेळघर गच्च भरलं होतं. पाच डाव, तीन जिंकेल तो विजयी. मिस्त्री स्वच्छ सदरा घालून मागच्या खुर्चीवर बसले होते. पहिला डाव धाकटी सरळ खेळली आणि सरळ हरली. मी टक्क म्हटलं की वार पायावर, टिक म्हटलं की डोक्यावर, एकदाही खोटं नाही. काकांचा विश्वास पक्का झाला. दुसऱ्या डावात तिने तीनदा खरं बोलायला लावलं आणि चौथ्यांदा वाराच्या मधल्या फटीत टक्क वाजवून डोक्यावर हाणला. काका बसलेले होते. त्यांचा पहिला गडी आडवा झाला. त्यांनी चष्मा सारखा केला. पुन्हा टक्क, पुन्हा डोक्यावर, दुसरा गडी गेला. तो डाव तिचा झाला.

काका काही कच्चे नव्हते. तिसऱ्या डावात ते उलटं ऐकू लागले, टक्क झालं की उभेच राहायचे. धाकटीने ते लगेच ओळखलं आणि मला पुन्हा खरं बोलायला लावलं, त्यामुळे पायावरचे वार बसत गेले. तोही डाव तिचा. चौथ्यात काकांनी ऐकणंच सोडून दिलं आणि नुसत्या अनुभवाने खेळले, आणि तो अनुभव इतका दांडगा होता की त्यांनी तिचे तिन्ही गडी धुऊन काढले. दोन दोन अशी बरोबरी झाली. माझ्या गोळ्यावर तिच्या तळहाताचा घाम उतरला होता.

पाचवा डाव शेवटपर्यंत आला. दोघांचा एकेक गडी उरला, दोघांचाही एका वाराचा जीव. ऐकणं सोडून दिलं म्हटलं तरी आयुष्यभराचा कान कुठे जातो? काकांची मान पुन्हा माझ्याकडे कलली होती. धाकटीने गडी मागे नेऊन खाली बसवला आणि दांडा खालीच धरून ठेवला. मी एकदा टक्क केलं आणि गप्प झाले. ती थांबली. काका थांबले. एक क्षण, दोन क्षण, तीन क्षण. काका माझ्या पुढच्या आवाजाची वाट बघत होते, खरा असो की खोटा. त्यांच्या बोटांना दम निघेना, गडी उभा राहिला आणि पुढे आला. दांडा आधीच खाली असल्यामुळे मला वाजायचं कारणच नव्हतं. तिने नुसती लाथेची कळ दाबली. वार पायावर बसला आणि काकांचा शेवटचा गडी कोसळला.

मावशींनी नियम मोडून टाळ्या वाजवल्या. काका मोठ्या मनाचे, त्यांनी धाकटीची पाठ थोपटली आणि तसेच मिस्त्रींकडे गेले. त्यांच्या समोर उभे राहून, ओठ दिसतील असे, सावकाश म्हणाले, "मिस्त्री, तीन महिने मी तुमच्या पेटीचा आवाज ऐकून जिंकत होतो. आज पोरीने त्याच आवाजाने मला गुंडाळलं." त्यांना वाटलं ते कौतुकच करताहेत. धाकटीचा चेहरा पांढरा पडला. मिस्त्री आधी काकांकडे बघत राहिले, मग माझ्याकडे, मग तिच्याकडे.

"आवाज होतो?" त्यांनी विचारलं.

"होतो," धाकटी म्हणाली.

"मला का नाही सांगितलंस?"

"तुम्हाला वाईट वाटलं असतं, बाबा."

मिस्त्रींनी मला तिच्या मांडीवरून उचललं आणि काखेत धरलं. "वाटलं असतं," ते म्हणाले. "दिवसभर वाटलं असतं. मग मी दुरुस्त केलं असतं. तेच तर काम आहे माझं."

धाकटी तिथेच रडली. जिंकल्यावर रडणारी ती त्या खेळघरातली पहिलीच असावी. सगळ्या खेळघराची मनं ओळखणाऱ्या या मुलीला वाटलं होतं की आपण बाबांना जपतोय. प्रत्यक्षात तिने, आईने आणि थोरलीने मिळून त्यांच्या हातचं एक काम काढून घेतलं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मिस्त्रींनी दुकान उघडलं, टेबल पुसलं आणि मला उघडलं. घड्याळकाका येताना खिशातून बारीक रबराच्या चकत्या घेऊन आले आणि टेबलाच्या दुसऱ्या बाजूला बसले. मिस्त्री कळ दाबायचे, काका ऐकायचे आणि बोट वर किंवा खाली करायचे. एकाचे हात, दुसऱ्याचे कान. दुपारपर्यंत मी अशी मऊ झाले की मला स्वतःलाच ओळखू येईना. शेजारच्या शिंप्याने हा प्रकार बघितला आणि संध्याकाळी आपला घरघरणारा पंखा आणून टेबलावर ठेवला. काका त्यालाही ऐकायला थांबले.

काम आटोपल्यावर मिस्त्रींनी स्क्रूड्रायव्हर खाली ठेवला. आई चहाचे कप देऊन दारात उभी होती. त्यांनी धाकटीला समोर बोलावून विचारलं, "आणि मी बोलतो तेव्हा? माझ्या बोलण्याचाही असाच आवाज होतो का?"

काका कपात बघायला लागले. आईने पदराशी चाळा सुरू केला. धाकटी मात्र बाबांकडेच बघत राहिली. "हो बाबा," ती म्हणाली. "रस्त्यापर्यंत जातो."

मिस्त्रींनी मान हलवली. मग ओठ हलवले, पण इतके हळू की कुणालाच काही ऐकू आलं नाही. तिने बोट वर केलं. ते थोडं मोठ्याने बोलले. तिने बोट खाली केलं. असं पाचसहा वेळा झालं, मला लावलं तसंच. शेवटी तिने हात सरळ धरला आणि म्हणाली, "आता बरोबर." ते त्याच आवाजात तिच्याशी बोलत राहिले, चहा निवून गेला तरी.

मित्रांनो, माझं मागणं मोठं नाही. आम्हा जुन्या पेट्यांना वापर झाल्यावर कोरड्या फडक्याने पुसा, वायर ओढू नका, आवाज येऊ लागला तर फेकायच्या आत एकदा उघडून बघा. खेळात समोरच्याला खुशाल चकवा, त्यातच मजा आहे. पण घरच्या माणसाच्या मनात काय असेल याचे अंदाज बांधत बसू नका. माझ्या धाकटीने सगळ्या गावाचे अंदाज बरोबर बांधले, चुकला तो फक्त तिच्या बापाचा. आणि तो तर रोज तिच्यासमोर बसलेला होता, विचारलं असतं तर त्याने सांगितलं असतं.